आज्ञावलीचे व्याकरण आणि ओसरीचा प्रश्न

वास्तुरचनेच्या व्यवसायात गेली काही वर्षे एक वाक्य निरनिराळ्या सुरांत ऐकू येत आहे : 'ऑटोकॅड सोडा, रेव्हिटवर या.' नोकरीच्या जाहिरातींत ते अट म्हणून येते, महाविद्यालयांच्या बैठकांत सूचना म्हणून येते आणि खाजगी शिकवणीवर्गांच्या फलकांवर आमिष म्हणून झळकते. या वाक्यामागे बहुधा दोन विधाने गृहीत धरलेली असतात. पहिले असे, की हा बदल म्हणजे मागासलेपणाकडून प्रगतीकडे टाकलेले पाऊल आहे. दुसरे असे, की शेवटी ही सारी साधनेच. आज हे, उद्या ते. विचार करणारा माणूस तोच राहतो. आम्हाला ही दोन्ही विधाने अमान्य आहेत. मुळात ती एकत्र नांदूच शकत नाहीत. आज्ञावली हे निव्वळ साधन असेल, तर ती बदलण्यासाठी एवढा आटापिटा कशासाठी? आणि आटापिटा करण्याइतके तिच्यात काही असेल, तर ती निव्वळ साधन कशी?

साहित्य शिकवणाऱ्यांनी या भानगडीत का पडावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर वास्तुरचनेच्याच एका अभ्यासकाकडे आहे. रॉबिन इव्हान्स यांनी १९८६ मध्ये रेखाटनापासून इमारतीपर्यंतच्या 'भाषांतरा'वर एक निबंध लिहिला. वास्तुरचनाकार प्रत्यक्षात इमारत बांधत नाही, तो रेखाटन करतो. इमारत इतरांच्या हातून उभी राहते, हे त्या निबंधातले मूळ निरीक्षण. ते मान्य केले, की वास्तुरचनाकार हा एका अर्थाने संहिता लिहिणारा ठरतो. गवंडी, सुतार, अभियंता हे त्या संहितेचे वाचक. मग ती संहिता कोणत्या लिपीत, कोणत्या व्याकरणात लिहिली जाते आणि ती लिपी कोणाच्या मालकीची आहे, हे प्रश्न आमच्या विद्याशाखेच्या अंगणातलेच आहेत.

आता या दोन आज्ञावलींचे व्याकरण पाहू. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या ऑटोकॅडचा मूळ घटक रेषा हा आहे. चार रेषा काढल्या की तिला भिंत म्हणायचे, हा आपण आणि वाचक यांच्यातला संकेत. संगणकाला त्यातले काही ठाऊक नसते. त्याच्या लेखी भिंतीची रेषा आणि झाडाच्या सावलीची रेषा यांत फरक इतकाच, की त्या वेगवेगळ्या लेअरवर आहेत. रेव्हिटचे याच्या उलट आहे. तेथे आधी वस्तू येते, रेषा नंतर. तुम्ही भिंत काढता तेव्हा संगणकाला ती भिंत म्हणूनच कळते : तिची जाडी, उंची, थर, ती कोणत्या मजल्यावर उभी आहे, हे सारे तिच्यासोबत येते. दरवाजा भिंतीच्या आश्रयानेच राहतो. भिंत पुसली की दरवाजाही जातो. वस्तूंचे वर्गीकरण 'फॅमिली'त होते, फॅमिलीचे 'टाइप' असतात आणि प्रत्यक्ष आराखड्यात बसवलेला प्रत्येक दरवाजा हा त्या टाइपाचा एक नमुना असतो. ऑटोकॅडमध्ये आपण अक्षरे लिहितो आणि शब्द वाचकाने ओळखायचे असतात. रेव्हिटमध्ये शब्दकोश आधी उघडावा लागतो आणि त्यातला शब्द निवडल्यावाचून अक्षर उमटत नाही, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

या दुसऱ्या व्याकरणाचे लाभ खरे आहेत आणि ते नाकारण्यात आम्हाला काही स्वारस्य नाही. ऑटोकॅडमध्ये साधारणपणे प्लॅन वेगळा, सेक्शन वेगळा, एलेव्हेशन वेगळे काढले जाते. प्लॅनमध्ये खिडकी एक फूट सरकवली तर उरलेल्या रेखाटनांत ती आठवणीने सरकवावी लागते आणि विसर पडला तर ती चूक थेट बांधकामाच्या जागेवर जाऊन उघडकीस येते. रेव्हिटमध्ये ही सारी रेखाटने एकाच प्रतिकृतीची दृश्ये असल्यामुळे खिडकी एकदा सरकली की सर्वत्र सरकते. दरवाजे-खिडक्यांची मोजदाद आपोआप होते. ज्यांनी रात्ररात्र जागून एकेक रेखाटन दुरुस्त केले आहे त्यांना ही सोय वरदानासारखी वाटली तर नवल नाही. आमचा आक्षेप सोयीला नाही. सोयीच्या पोटात काय दडले आहे ते न पाहण्याला आहे.

ते पाहण्यासाठी ओसरीचे उदाहरण घेऊ. मराठी घराचे वर्णन करणारी आपली शब्दसंपदा अर्ध्या-उघड्या जागांनी भरलेली आहे. कोकणातल्या घराची ओटी आणि पडवी, देशावरच्या वाड्याची ओसरी आणि सोपा, मधला चौक, मागचे परसू. या जागा ना धड आत, ना धड बाहेर. मराठी कथा-कादंबऱ्यांत निम्मे व्यवहार तेथेच घडतात : सोयरिकी ठरतात, भांडणे होतात, परका माणूस घरचा होतो. आता ही ओसरी रेव्हिटमध्ये 'रूम' म्हणून मांडून पाहा. रेव्हिटची खोली म्हणजे सीमांनी वेढलेले क्षेत्र. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला नुसते खांब असतील, तर आज्ञावली इशारा देते, की ही जागा नीट वेढलेली नाही. खोल्यांच्या तक्त्यात क्षेत्रफळाच्या रकान्यात आकड्याऐवजी 'नॉट एन्क्लोज्ड' असा शेरा उमटतो. ओसरीला क्षेत्रफळ हवे असेल तर खांबापासून खांबापर्यंत एक विभाजक रेषा ओढावी लागते. म्हणजे जी जागा मोकळी असल्यामुळेच ओसरी झाली, तिला मोजण्यासाठी आधी कागदोपत्री बंद करावी लागते.

यावर जाणकार म्हणतील, 'मग ओढा की विभाजक रेषा! दोन क्षणांचे काम आहे.' खरे आहे, दोन क्षणांचेच आहे. परंतु भाषेचे सामर्थ्य आणि मर्यादा तिच्यात काय बोलता येते यावरून ठरवणे फसवे असते. कोणत्याही भाषेत खटपट करून काहीही बोलता येते. पाहायचे ते असे, की तिच्यात काय सहज बोलले जाते आणि काय बोलण्यासाठी वाट वाकडी करावी लागते. ऑटोकॅडच्या रेषेला ओसरी कळत नव्हती, पण तिला दिवाणखानाही कळत नव्हता. तिचे अज्ञान निःपक्षपाती होते. रेव्हिटला दिवाणखाना कळतो आणि ओसरी अपवाद म्हणून कळवावी लागते. वस्तूंची नावे आधीच ठरवून ठेवणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेत ती नावे कोणाच्या घरावरून ठरवली हा प्रश्न असतोच. विशीतला विद्यार्थी पहिल्याच वर्षी या व्यवस्थेत शिरला, तर जे सहज तेच त्याला स्वाभाविक वाटू लागते आणि ओसरी हळूहळू त्याच्या कल्पनेतूनच गळते. हे अटळ आहे असे आम्ही म्हणत नाही. शिकवणारा जागा असेल तर ते टळते. परंतु 'साधनच तर आहे' असे म्हणणारा शिक्षक जागा राहण्याची शक्यता कमी.

आता प्रगतीच्या दाव्याकडे वळू. रेव्हिट ही आज्ञावली २००० मध्ये आली आणि २००२ मध्ये ऑटोडेस्क या कंपनीने, म्हणजे ऑटोकॅडच्याच मालकांनी, तिची मूळ कंपनी तेरा कोटी तीस लाख डॉलरांना विकत घेतली. या क्रमामुळे असा समज पसरला आहे, की आधी रेषेचे युग होते आणि त्यातून उत्क्रांत होऊन वस्तूचे युग आले. इतिहास असे सांगत नाही. इव्हान सदरलँड यांनी १९६३ मध्ये एमआयटीत सादर केलेल्या 'स्केचपॅड'मध्येच रेषांमधील परस्परसंबंध संगणकाला सांगण्याची सोय होती. या दोन रेषा समांतर ठेव म्हटले की तो त्या ठेवत असे. बुडापेस्टच्या ग्राफिसॉफ्टने इमारतीची एकसंध प्रतिकृती करण्याची कल्पना घेऊन आर्किकॅडची पहिली आवृत्ती १९८४ मध्ये काढली. ऑटोकॅडनंतर अवघ्या दोन वर्षांनी. तात्पर्य, दोन्ही व्याकरणे जवळपास समवयस्क आहेत. त्यांतले कोणते कोठे रुजले, हे संगणकाची किंमत, विक्रेत्यांचे जाळे आणि इतर लोक काय वापरतात यावर बरेचसे ठरले. ब्रिटनमध्ये तर सरकारनेच २०११ मध्ये धोरण जाहीर करून २०१६ पासून केंद्र सरकारच्या प्रकल्पांना प्रतिकृतिआधारित पद्धत बंधनकारक केली. बाजार आणि शासन यांनी निवडलेल्या गोष्टीला 'कालाचा महिमा' म्हणण्याची सवय साहित्येतिहासाच्या अभ्यासकांना तरी नसावी. प्रमाणभाषा कशी प्रमाण होते, हे आपण वर्गात शिकवतोच.

स्थलांतराच्या प्रत्यक्ष व्यवहारात तर या प्रगतीचे रूप आणखी गुंतागुंतीचे दिसते. रेव्हिटमधली प्रतिकृती डीडब्ल्यूजी स्वरूपात बाहेर काढली की भिंतीचे भिंतपण गळून पुन्हा रेषा उरतात. जुनी डीडब्ल्यूजी रेव्हिटमध्ये आणली तर ती पार्श्वभूमीसारखी मागे दिसत राहते. तिच्यावरून सारे नव्याने उभारावे लागते. ऑटोकॅडमध्ये १९८६ पासून ऑटोलिस्प ही भाषा आहे. तिच्यात अनेक कार्यालयांनी आपापल्या सवयीच्या आज्ञा रचल्या, एकाकडून दुसऱ्याकडे दिल्या. रेव्हिटच्या दारात त्या साऱ्या निरुपयोगी होतात. दुसरीकडे, महाराष्ट्रातल्या अनेक महानगरपालिकांत बांधकाम-परवानगीची संगणकीय छाननी ठरावीक नावांच्या लेअरवर काढलेल्या रेषांच्या आधारेच होत आली आहे. परिणामी, जो 'रेव्हिटवर आला' तो बहुधा ऑटोकॅडमधून सुटलेला नसतो. घरात एक भाषा आणि कचेरीत दुसरी, अशी ती द्विभाषिकता आहे आणि तिचा भार सर्वांत कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या माथी येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, आज्ञावली एकमेकींशी नीट न बोलल्यामुळे तेथील बांधकामक्षेत्राचे वर्षाला १५.८ अब्ज डॉलरांचे नुकसान होते असा अंदाज मांडला होता. भाषांतराची किंमत इतक्या रोकड्या स्वरूपात क्वचितच कोणी काढली असेल.

येथवर प्रश्न व्याकरणाचा होता. त्याहून कळीचा प्रश्न मालकीचा आहे. रेव्हिटच्या नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही आणि मागच्या आवृत्तीच्या रूपात ती साठवण्याची सोयही नाही. प्रकल्पातल्या एकाने पुढचे पाऊल टाकले की बाकीच्यांना फरफटत जावे लागते. २०१६ मध्ये ऑटोडेस्कने आपल्या आज्ञावलींचे नवे कायमस्वरूपी परवाने विकणे थांबवले. तेव्हापासून नव्याने येणाऱ्याला ती भाड्यानेच घ्यावी लागते. भाडे थांबले तर स्वतःचे काम पाहता येईल, त्यात बदल मात्र करता येणार नाही. लेखकाला स्वतःचे हस्तलिखित वाचण्याची मुभा आहे, पण लेखणी दरवर्षी भाड्याने घ्यायची आहे, असा हा करार. हे गाऱ्हाणे काही गरीब देशातल्या छोट्या कार्यालयांचेच नाही. जुलै २०२० मध्ये झाहा हदीद आर्किटेक्ट्स, ग्रिमशॉ यांसारख्या नामवंत संस्थांनी ऑटोडेस्कला खुले पत्र लिहून रेव्हिटच्या वाढत्या खर्चाबद्दल आणि मंदावलेल्या विकासाबद्दल नाराजी नोंदवली. २०२२ मध्ये नॉर्डिक देशांतील वास्तुरचनाकारांच्या संघटनांनी तशाच आशयाचे पत्र लिहिले. इतक्या बड्या कार्यालयांना पत्र लिहावे लागते, निघून जाता येत नाही, यातच सारे आले. त्यांचे सारे पूर्वलेखन त्या एका लिपीत अडकलेले आहे.

मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. लिपी बदलण्याचा अनुभव आपल्या समाजाने एकाहून अधिक वेळा घेतला आहे. मोडी व्यवहारातून गेली आणि लाखो कागद सर्वसामान्य वाचकाला मुके झाले. तरीही मोडी कोणाच्या मालकीची नव्हती. आजही कोणी चार-सहा महिने कष्ट घेतले तर तिची अक्षरे लागतात, त्यासाठी कोणाला भाडे द्यावे लागत नाही. दुसरा अनुभव आमच्या पिढीचा आहे. युनिकोड रुळण्याआधी आम्ही प्रबंध, लेख, नियतकालिकांचे अंक निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांत टंकलिखित करून घेतले. प्रत्येक फाँटाची अक्षरव्यवस्था वेगळी, प्रत्येकाची किल्ली वेगळी. आज त्या फाइली उघडल्या तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच पडतो. रूपांतर करणाऱ्या आज्ञावली मिळतात, पण त्यातून बाहेर पडताना रफार भलत्या अक्षरावर जातो आणि जोडाक्षरे मोडतात. मोडीतला दोनशे वर्षांपूर्वीचा कागद वाचता येतो आणि वीस वर्षांपूर्वीचा स्वतःचा लेख वाचता येत नाही, या विसंगतीचे कारण मालकीत आहे. मराठीला यातून सोडवले ते युनिकोडने, म्हणजे कोणा एका कंपनीच्या तिजोरीत नसलेल्या, सर्वांसाठी प्रसिद्ध केलेल्या मानकाने.

वास्तुरचनेतही असे मानक आहे. आयएफसी हे खुले स्वरूप १९९० च्या दशकापासून घडत आले आणि २०१३ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्यात भिंत भिंतच राहते आणि दरवाजा दरवाजाच. त्याच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत : एका आज्ञावलीतून आयएफसीत आणि तेथून दुसरीत जाताना वस्तूंमधले लवचीक संबंध बरेचदा गोठतात, आशय पोचतो, पण पुढे त्याच सहजतेने लिहिता येत नाही. मात्र आयएफसीतच थेट काम करणारी, ब्लेंडरवर आधारलेली 'बोन्साय' ही मुक्त आज्ञावली उपलब्ध आहे आणि फ्रीकॅडची १.० आवृत्ती २०२४ मध्ये आली. ही साधने आजच रेव्हिटची जागा घेतील असा भाबडा दावा आम्ही करत नाही. तथापि पर्यायच नाही, हे विधान आता खोटे झाले आहे. आणि रेव्हिट सोडून दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या बंदिस्त आज्ञावलीकडे धावल्यानेही काही साधणार नाही. जमीनदार बदलल्याने कूळ मालक होत नाही.

आमच्या या म्हणण्याचा आधार घेऊन कोणी 'हाताने काढलेल्या रेखाटनातच खरा प्राण होता' असा गळा काढू लागेल, तर त्याच्याशीही आमचे पटणार नाही. चार्ल्स कोरिया यांनी आपल्या कामाचा रेखाटनसंग्रह २०१३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सला दिला. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये घरांची अंगणे सामाईक चौकाभोवती कशी गुंफावीत याचा विचार करणाऱ्या माणसाची ती रेखाटने आज कोणीही पाहू शकतो आणि वाचू शकतो. याचे कारण हाताचा स्पर्श हे नसून ती उलगडायला कोणाचा परवाना लागत नाही, हे आहे. इमारत पन्नास-साठ वर्षे सहज उभी राहते. तिला दुरुस्ती लागते, मजबुतीकरण लागते आणि त्या वेळी मूळ रेखाटन शोधावे लागते. आज रेव्हिटमध्ये रचलेली इमारत आणखी पन्नास वर्षांनी दुरुस्तीला आली, तेव्हा तिची संहिता वाचता येईल याची हमी कोणत्या करारात दिलेली आहे?

म्हणून आमची मागणी स्थलांतर थांबवण्याची नाही. ते डोळे उघडे ठेवून व्हावे, एवढीच आहे. महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाला कंपनीच्या उत्पादनाचे नाव देऊ नये. विषय 'प्रतिकृतिआधारित रचना' हा असावा, 'रेव्हिट' हा नसावा. विद्यार्थ्यांना आज्ञावली फुकट मिळते, हा त्यांच्यावरचा उपकार समजू नये. पदवीनंतर तेच विद्यार्थी भाडेकरू म्हणून परततात. किमान दोन भिन्न व्याकरणांच्या आज्ञावली शिकवाव्यात, कारण दुसरी भाषा कळल्याशिवाय पहिलीच्या मर्यादा दिसत नाहीत. ओसरी, चौक, परसू दोन्हींत रचायला लावावेत आणि कोठे वाट वाकडी करावी लागली ते लिहायला लावावे. कार्यालयांनी प्रत्येक पूर्ण प्रकल्पाची एक प्रत खुल्या स्वरूपात, एक दीर्घकालीन जतनासाठीच्या पीडीएफ-ए स्वरूपात आणि शक्य तेथे कागदावर ठेवावी. सार्वजनिक पैशांतून उभ्या राहणाऱ्या इमारतींच्या बाबतीत तर ही अट करारातच असावी. शाळेचा किंवा रुग्णालयाचा आराखडा वाचण्यासाठी जनतेने खाजगी कंपनीला भाडे का भरावे?

शेवटी आमच्या व्यवसायबंधूंसाठी दोन शब्द. आपल्या विभागांतही सध्या स्थलांतरांची धांदल चालू आहे : टिपणे, ध्वनिमुद्रणे, प्रश्नपेढ्या, प्रबंध, सारे कोणत्या ना कोणत्या प्रणालीत 'चढवले' जात आहे. 'चढवा, साधनच तर आहे' हे वाक्य आपल्याही कानांवर पडते. ते पडेल तेव्हा तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. या प्रणालीत काय सहज मांडता येते आणि कशासाठी वाट वाकडी करावी लागते? येथे ठेवलेले उद्या बाहेर काढायचे झाले तर ते कोणत्या रूपात बाहेर येईल? आणि आपण भाडे भरणे थांबवले, तर आपलेच लेखन आपल्या हाती उरेल काय? या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाल्याखेरीज होकार देऊ नये. मराठी फाँटांच्या बाबतीत हे प्रश्न विचारले गेले नाहीत, त्याचे परिणाम आपल्या कपाटातल्या सीडींमध्ये अजून पडून आहेत.